हॉटेल कॅलिफोर्नियात सैतान राहतो का?

खानापूर तालुक्यातल्या एका गावातून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने विचारलंय: "सर, मी मराठी माध्यमात शिकलो. मोबाइलवर इंग्रजी रॉक गाणी खूप ऐकतो. प्रत्येक गाण्याचा कुणीतरी 'खरा, लपलेला अर्थ' सांगितलेला असतो. 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे सैतानाच्या पूजेचं गाणं आहे असं दादाने एक व्हिडिओ बघून आजीला सांगितलं. तेव्हापासून आजी ते घरात लावू देत नाही. हे खरं आहे का? असा अर्थ आपला आपण शोधायचा तर कसा? माझं इंग्रजी बेताचंच आहे."

आजीचं उत्तर शेवटी देतो, तिथपर्यंतची वाट जरा लांबची आहे.

मी गेली सत्तावीस वर्षं बेळगावात टिळकवाडीला गिटार शिकवतो. त्याआधी लग्नाच्या रिसेप्शनला, कॉलेजच्या गॅदरिंगला आणि पाच हिवाळे गोव्यातल्या हॉटेलांत वाजवलं. माझ्याकडे मराठी माध्यमाची मुलं येतात, कन्नड माध्यमाची येतात, कॅम्पातली इंग्रजी शाळांतलीही येतात. नियम सगळ्यांना एकच. गाणं वाजवायला घेण्याआधी त्याचे शब्द हाताने वहीत उतरवायचे आणि हे कोण, कुणाला, कुठे उभं राहून म्हणतंय ते सांगायचं. ते सांगता आलं की मग कॉर्ड.

'लपलेला अर्थ' म्हणून जे सांगतात त्यातलं पुष्कळसं लपलेलं नसतंच. ते ढळढळीत समोर असतं, पण चाल आपल्याला तिकडे बघू देत नाही.

याचा धडा मला शहापूरच्या एका मंगल कार्यालयात मिळाला. रिसेप्शन चालू होतं, आहेराची पाकिटं घेऊन पाहुणे रांगेत उभे होते आणि नवरदेवाच्या मित्रांनी चिठ्ठी पाठवली: पोलीस या बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक'. मी ते अगदी हळुवारपणे गायलो. टाळ्या पडल्या. पुढच्याच आठवड्यात तेच गाणं मी एका विद्यार्थिनीला वहीत लिहायला दिलं. लिहून झाल्यावर तिने क्रियापदांखाली रेघा मारल्या होत्या. ती म्हणाली, "सर, हा माणूस पूर्ण गाण्यात तिला नुसता बघतोय. तिचा प्रत्येक श्वास, प्रत्येक पाऊल. ती एकदाही काही बोलत नाही. असा एकजण आमच्या बसस्टॉपवर रोज उभा असतो." मी गप्प झालो. इतकी वर्षं मी ते प्रेमगीत म्हणून गात होतो आणि सतरा वर्षांच्या मुलीने दहा मिनिटांत ते ओळखलं. १९८३ सालचं हे गाणं त्या बँडचा गायक स्टिंगने स्वतःचा संसार मोडत असतानाच्या काळात लिहिलं. ते मत्सराचं आणि पाळत ठेवण्याचं गाणं आहे, हे त्याने स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. म्हणजे गुपित काहीच नव्हतं. चाल गोड होती एवढंच. त्यानंतर मी ते लग्नात कधीच वाजवलं नाही.

म्हणून पहिली सवय ही लाव. शब्द चालीपासून सोडवून घे, कागदावर आण आणि बातमी वाचावी तसे सावकाश वाच.

ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४ सालचं 'बॉर्न इन द यू.एस.ए.' बघ. ध्रुवपद इतकं जोरकस की मुठी आपोआप वर जातात. आपल्याकडच्या गॅदरिंगमध्येही ते देशभक्तीचं गाणं म्हणून ओरडून गायलेलं मी ऐकलंय. कडवी मात्र वेगळंच सांगतात. छोट्या गावातला एक पोरगा व्हिएतनामच्या युद्धावर पाठवला जातो, परत येतो, त्याला कुणी काम देत नाही आणि त्याचा सोबती तिकडेच संपलेला असतो. त्याच वर्षीच्या निवडणूक प्रचारात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीतल्या सभेत स्प्रिंगस्टीनचं नाव आशेचा संदेश देणारा गायक म्हणून घेतलं होतं. ध्रुवपद लक्षात राहतं, कथा कडव्यांत असते. ओळ कितीही वेळा आली तरी तिचा अर्थ तिच्या आधीच्या कडव्याकडे बघूनच लावायचा. कीर्तनात पालुपद तेच राहतं आणि प्रत्येक दाखल्यानंतर त्याचा रंग बदलतो, तसंच हे.

आता तुझ्या 'बेताच्या इंग्रजी'बद्दल. अडचण शब्दांची नसते, शब्द मोबाइल सांगतो. अडचण वाक्प्रचारांची असते. आर.ई.एम. या बँडचं १९९१ सालचं 'लूझिंग माय रिलिजन' घे. निपाणीहून येणारा माझा एक विद्यार्थी हे गाणं घरी हेडफोन लावूनच ऐकायचा. घर माळकरी, आणि गाण्याच्या नावातच धर्म सोडल्याची भाषा. त्याला वाटायचं आपण काहीतरी पाप ऐकतोय. खरं म्हणजे तो बँड अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या जॉर्जिया राज्यातला आणि हा तिकडचा बोलीतला वाक्प्रचार. त्याचा अर्थ सहनशक्ती संपणं, अगदी टेकीला येणं. गाणं एकतर्फी प्रेमाचं आहे. आपण जास्त बोललो की काय, ती हसली की आपल्याला भास झाला, ही त्या माणसाची तगमग आहे. देवाधर्माचा त्यात संबंध नाही. आपल्याकडे आई म्हणते 'डोकं खाऊ नको', शेजारची कन्नड मावशीही तिच्या भाषेत तेच म्हणते. दोन्ही घरांत ते कुणी शब्दशः घेत नाही. परक्या गाण्यात एखादी ओळ विचित्र वाटली की आधी विचार: ही त्यांच्या गावात रोज बोलली जाणारी गोष्ट तर नाही? सीमाभागातल्या मुलाला हे मुंबई-पुण्याच्या मुलापेक्षा लवकर समजतं. आपण दिवसभर दोन-तीन भाषांत वावरतो, आणि एका भाषेतलं वाक्य दुसरीत उचलून ठेवलं की ते कसं वाकडं पडतं हे बाजारात रोज बघतो.

त्याच्याही आधीची एक पायरी आहे: शब्द नीट ऐकलेत का? नव्वदच्या सुमारास आम्ही खडे बाजारातून कोऱ्या कॅसेट आणायचो आणि कॅम्पातल्या मित्राकडून गाणी भरून घ्यायचो. शब्द छापलेला कागद मूळ कॅसेटबरोबर त्याच्याकडेच राहायचा. मग टेपरेकॉर्डरचं पॉजचं बटण दाबत, अर्धी ओळ ऐकत, मागे नेत, देवनागरीत लिहून काढायचं. माझी ती वही अजून आहे. तिच्यात जिमी हेन्ड्रिक्सच्या १९६७ सालच्या 'पर्पल हेझ'मध्ये गायक आकाशाचं चुंबन घ्यायच्याऐवजी समोरच्या माणसाचं चुंबन घेतो. पुढे कळलं की जगभर असंख्य लोकांनी ते तसंच ऐकलंय. अशा चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' म्हणतात. सिल्व्हिया राइट या लेखिकेने १९५४ साली हा शब्द आणला. लहानपणी एका जुन्या पोवाड्यासारख्या स्कॉटिश गीतात सरदाराला मारून 'हिरवळीवर ठेवलं' ही ओळ तिने 'आणि लेडी मॉन्डेग्रीनला' अशी ऐकली होती. आपण गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' करतो तोच प्रकार. चुकीच्या ओळीतून केवढाही खोल अर्थ काढलास तरी तो वाया जातो, म्हणून शब्द अल्बमसोबत छापलेल्या कागदावरून किंवा बँडने स्वतः दिलेल्या जागेवरून पडताळून घे.

मग काळ आणि जागा बघायची. द क्रॅनबेरीज या आयरिश बँडचं १९९४ सालचं 'झॉम्बी' पोरं भुताखेताचं समजून वाजवायला मागतात. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावात आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेने ठेवलेल्या बॉम्बमुळे दोन मुलगे गेले, एक तीन वर्षांचा आणि दुसरा बारा वर्षांचा. बँडची गायिका डोलोरेस ओ'रिअर्डनने ते गाणं त्या रागातून लिहिलं. त्यात १९१६ हा आकडा येतो. त्या वर्षी डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला होता. व्हिडिओवाले इथे एक तळटीप देऊन पुढे जातात. आपल्याला मात्र थांबता येतं. बेळगावच्या कुठल्याही मराठी घरात '१९५६', म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ते वर्ष, म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. आजोबांचा आवाज बदलतो, कुणीतरी जुनी गोष्ट काढतं. आयर्लंडमधल्या घराघरात १९१६ हा तसाच आकडा आहे. जुनी जखम डोक्यात घेऊन माणसं आज कशी चालतात आणि त्यात कुणाचं लेकरू जातं, हे ती बाई ओरडून विचारते. 'झॉम्बी' म्हणजे डोक्यात तेच ते घुमत राहिलेला माणूस. हे तुला समजायला शब्दकोश लागणार नाही.

काही गाण्यांत मात्र शोधण्यासारखं काही नसतं आणि तेही मान्य करता आलं पाहिजे. गिटार हातात घेतलेला प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरावट छेडतो. पाण्यावरचा धूर म्हणजे नशा, असं मला कितीजणांनी सांगितलंय! ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी हा बँड रेकॉर्डिंगसाठी गेला होता. तिथल्या कॅसिनोत फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली, कॅसिनो पेटला आणि धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला. बँडने जे पाहिलं ते लिहिलं. सगळं गाणं पंचनाम्यासारखं आहे.

आता खरा मुद्दा. तू आणि मी ज्या मातीत वाढलो तिथे लपलेल्या अर्थाची गाणी नवी नाहीत. मुक्ताबाईची मुंगी आकाशात उडते आणि सूर्य गिळते. नाथांच्या भारुडात विंचू चावतो आणि तो विंचू काम-क्रोधाचा असतो. इकडे कन्नडमध्ये शिशुनाळ शरीफसाहेब आहेत. शिशुनाळ म्हणजे हावेरी जिल्ह्यातलं गाव, धारवाड ओलांडलं की पुढे. एकोणिसाव्या शतकातला हा मुसलमान संतकवी, त्याचे गुरू गोविंद भट्ट. त्याच्या एका तत्त्वपदात कोंबडी माकडाला गिळते, शेळी हत्तीला गिळते आणि भिंत चुन्याला. आमच्या वाड्यात दूध घालायला येणारे काका ते गुणगुणत यायचे आणि लहानपणी मला ते नुसतं गमतीचं वाटायचं. या सगळ्या रचना कूट आहेत. कूट म्हणजे मुद्दाम घातलेलं कुलूप, आणि त्याची किल्लीही ठरलेली असते. ती गुरूकडे असते, परंपरेत असते, फडावर असते. विंचू म्हणजे काय, सासू म्हणजे कोण, हे सांगणारा कुणीतरी असतो, आणि सांगितल्यावर ऐकणारा मान हलवून म्हणतो, 'हां, बसलं.'

आपली चूक इथे होते. भारुडाची सवय झालेला कान रॉक गाण्यालाही कूट समजतो आणि किल्ली शोधायला लागतो. 'अमुक शब्द म्हणजे तमुक' अशी यादी सांगणारे व्हिडिओही तेच करतात. पण बहुतेक रॉक गाण्यांना किल्ली केलेलीच नसते. कुलूपही नसतं. दार अर्धवट उघडं ठेवलेलं असतं, आणि आत अंधार किती ठेवायचा हे गाणाऱ्याने कानाने ठरवलेलं असतं, हिशेबाने नाही.

याला पुरावा आहे. बीटल्स या बँडच्या जॉन लेननला त्याच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाचं पत्र आलं की आमचे शिक्षक वर्गात बीटल्सच्या गाण्यांचे अर्थ लावायला लावतात. लेननने १९६७ साली 'आय ॲम द वॉलरस' लिहिलं ते कुणालाच अर्थ लावता येऊ नये असं ठरवून. त्याच वर्षीचं 'ल्यूसी इन द स्काय विथ डायमंड्स' घे. नावातल्या मुख्य शब्दांची आद्याक्षरं जोडली की एल.एस.डी. होतं, म्हणून ते नशेचं गाणं, हे तुला शंभर ठिकाणी सापडेल. लेनन शेवटपर्यंत सांगत राहिला की त्याचा लहान मुलगा ज्यूलियनने शाळेतल्या ल्यूसी नावाच्या मैत्रिणीचं चित्र काढून आणलं होतं आणि नाव त्यानेच सांगितलं. ती ल्यूसी खरोखर होती. २००९ साली वारली. त्या वर्षांत त्या मंडळींच्या आयुष्यात ती नशा होती आणि गाण्यातली स्वप्नासारखी चित्रं त्या हवेपासून पूर्ण तोडता येणार नाहीत, असं मला वाटतं. पण आद्याक्षरं हा त्याचा पुरावा होऊ शकत नाही.

मग लिहिणाऱ्याचा शब्द शेवटचा मानायचा का? तोही नाही. आपल्याकडे ब्रायन ॲडम्सचं 'समर ऑफ सिक्स्टी-नाइन' म्हटल्याशिवाय कुठलंही गॅदरिंग संपत नाही. ॲडम्सचा जन्म नोव्हेंबर १९५९ चा, म्हणजे १९६९ च्या उन्हाळ्यात तो नऊ वर्षांचा होता. बँड काढायच्या आणि प्रेमात पडायच्या वयाचा नव्हे. तो सांगतो की त्या आकड्याचा रोख शरीरसुखाकडे आहे, वर्षाकडे नाही. आणि गाणं ज्याच्याबरोबर लिहिलं तो जिम व्हॅलन्स म्हणतो की त्याच्या मनात वर्षच होतं. एकाच टेबलावर बसून लिहिलेल्या दोघांत एकमत नाही! आमच्या बॅचची चाळिशी-पन्नाशीतली मंडळी जमली आणि हे गाणं लागलं की त्यांच्या डोळ्यांत जे येतं ते या दोघांपैकी कुणाच्याच खुलाशात मावत नाही. ते वर्ष ज्याचं त्याचं असतं. माझं १९९१ आहे.

क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्याबद्दल इकडची मुलं हटकून विचारतात, कारण तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. आपल्या हायवेने पुण्याच्या दिशेने निघालं की वाटेत वर डोंगरावरची ती शाळा. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ सालचं. माणूस मारल्याची कबुली, आई, 'बिस्मिल्ला', शेवटी वाहून गेल्यासारखी शांतता. त्याने त्याचा अर्थ शेवटपर्यंत सांगितला नाही. मी वीस वर्षं ते शिकवतोय आणि मुलांनाही सांगत नाही. माझ्या मनात एक आहे, पण ते गाण्यातल्या ओळी दाखवून मला सिद्ध करता येत नाही, म्हणून मी ते माझ्याजवळ ठेवतो.

गाणी उलटी वाजवून ऐकायचं खूळ मी एका मिनिटात संपवतो. लेड झेपेलिनच्या १९७१ सालच्या 'स्टेअरवे टू हेवन'मध्ये उलटं वाजवल्यावर सैतानाचं नाव येतं असं म्हणतात. वर्गात मी तो तुकडा काही न सांगता लावतो. कुणालाच काही ऐकू येत नाही. मग फळ्यावर ते तथाकथित शब्द लिहितो आणि पुन्हा लावतो. आता सगळ्यांना 'स्पष्ट' ऐकू येतं. शब्द गाण्यात नव्हते, फळ्यावर होते. १९९० साली अमेरिकेत नेव्हाडामध्ये ज्युडास प्रीस्ट या बँडवर अशाच लपवलेल्या संदेशाचा खटला चालला होता, त्यातही न्यायाधीशाने बँडला जबाबदार धरलं नाही.

आता 'हॉटेल कॅलिफोर्निया'. वही घे आणि माझ्याबरोबर चल.

ईगल्स या लॉस एंजेलिसच्या बँडचं हे गाणं, अल्बम डिसेंबर १९७६ चा. सुरावट डॉन फेल्डरची, शब्द मुख्यतः डॉन हेन्ली आणि ग्लेन फ्राय यांचे. कोण बोलतंय? रात्री वाळवंटातल्या रस्त्याने एकटा गाडी चालवणारा माणूस. दमलाय, लांब दिवा दिसतो, दारात एक बाई, हातात मेणबत्ती. आत अंगण, नाचणारी देखणी पोरं. तो वाइन मागतो तर उत्तर येतं की तसलं 'स्पिरिट' इथे १९६९ पासून नाही. छतावर आरसे, बर्फातली शॅम्पेन. मग मेजवानी. लोक सुऱ्या खुपसतात पण ते जनावर मरत नाही. शेवटी तो पळत दार शोधतो आणि पहारेकरी सांगतो की हिशेब हवा तेव्हा चुकता कर, निघून जाणं मात्र होणार नाही.

सैतानवाले काय म्हणतात? जनावर म्हणजे सैतान, हॉटेल म्हणजे त्याचं देऊळ. अमेरिकेत 'चर्च ऑफ सेटन' नावाचा पंथ आहे, गाण्यातलं साल त्याच्या स्थापनेचं, असं जोडतात. पण तो निघाला १९६६ साली आणि गाण्यातला आकडा १९६९ चा. म्हणजे पहिल्याच पायरीवर घसरले. माझी कसोटी साधी आहे. एखादा अर्थ घेतलास की गाण्यातल्या किती ओळी कामाला लागतात आणि किती बेकार बसून राहतात ते मोज. सैतान धरला तर एक-दोन ओळी कामाला लागतात. त्या बाईच्या वर्णनातल्या ओळींचं काय? तिथे टिफनी या दागिन्यांच्या महागड्या दुकानाचं नाव आहे आणि मर्सिडीज गाडीचं, तेही मुद्दाम 'बेंड्स' असं लिहिलेलं. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्याला जो आजार होतो त्याला इंग्रजीत 'बेंड्स' म्हणतात. श्रीमंतीने आजारी पडलेली बाई! सैतानाला या श्लेषाशी काय करायचंय? आणि 'स्पिरिट' या एकाच शब्दाचे दोन अर्थ, दारू आणि चैतन्य. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला लाखो पोरं गाण्यासाठी जमली, त्याच डिसेंबरात आल्टामाँटच्या मैफलीत एका तरुणाला भोसकून मारलं. मी तो आकडा असा वाचतो: गाण्यातलं ते भाबडं चैतन्य तेव्हाच संपलं, आता उरलाय नुसता पैसा आणि चैन. हेन्लीने या गाण्याला निरागसतेकडून अनुभवाकडे झालेला प्रवास म्हटलंय. तो अर्थ धरला की दिवा, बाई, गाडी, आरसे, शॅम्पेन, सुऱ्या, पहारेकरी सगळे कामाला लागतात. सुऱ्यांच्या ओळीत आणखी एक ओळखीचा इशारा आहे. स्टीली डॅन या बँडने आपल्या गाण्यात ईगल्सचं नाव घेतलं होतं, त्याला दिलेलं हे उत्तर: सुऱ्यांना 'स्टीली', म्हणजे पोलादी, म्हटलंय. ज्यात लोक रक्ताची पूजा बघतात तिथे दोन बँडांचा आपसातला नमस्कार आहे.

आता गिटारवाला म्हणून एक गोष्ट दाखवतो, जी शब्दांच्या व्हिडिओत सापडणार नाही. कडव्याला आठ कॉर्ड आहेत: बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि पुन्हा एफ शार्प. शेवटचा एफ शार्प वाजवून थांबून बघ. कान अस्वस्थ होतो, बी मायनरला गेल्याशिवाय चैन पडत नाही. गेलास की पहिलं घर आलं, चक्र पुन्हा सुरू. शेवटी दोन गिटारी एकमेकींत गुंफून याच चक्रावर वाजत राहतात आणि गाणं संपत नाही, आवाज हळूहळू विरतो. पहारेकऱ्याने जे सांगितलं तेच कॉर्ड सांगतात. शब्दांचा अर्थ आणि सुरांचा अर्थ जिथे एक होतो, तिथे मी त्या वाचनावर विश्वास ठेवतो.

यात माझं स्वतःचंही काही आहे. गोव्याला मी पहिल्यांदा गेलो तो तीन महिन्यांच्या हंगामासाठी. चोर्ला घाट उतरलो तेव्हा परतीची तारीख वहीत लिहिली होती. राहायला खोली, रात्रीचं जेवण, रोज टाळ्या. दर एप्रिलला म्हणायचो, आता पुरे, आणि दर ऑक्टोबरला बॅग भरायचो. आमच्यातला एक कीबोर्डवाला तर एका हंगामासाठी आला होता आणि मी निघालो तेव्हा त्याला तिथे अकरावं वर्ष होतं. पाचव्या वर्षी आई आजारी पडली म्हणून मी परत आलो, नाहीतर आलो नसतो. ती शेवटची ओळ मी शेकडो वेळा गायलो होतो, पण घाट चढून येताना ती पहिल्यांदा ऐकली. हा गाण्याचा अर्थ नव्हे, माझा अनुभव आहे. गाण्याने त्याला जागा दिली. या दोहोंची गल्लत करू नकोस, पण स्वतःच्या अनुभवाला लाजूही नकोस.

मराठी माध्यमाची खंत मनातून काढून टाक. माझ्या क्लासमध्ये एकदा जॉर्ज हॅरिसनचं १९७० सालचं 'माय स्वीट लॉर्ड' लावलं होतं. इंग्रजी शाळेतली मुलं मागे चाललेला कोरस नुसता ऐकत होती. येळ्ळूरहून येणारी मराठी शाळेतली मुलगी एकदम म्हणाली, "सर, थांबा! मागे 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णू' म्हणतायत." शाळेच्या प्रार्थनेत रोज म्हटलेलं तिने पकडलं. त्याच वर्षीचं 'लैला' हे एरिक क्लॅप्टनचं गाणं. मित्राच्या, म्हणजे याच हॅरिसनच्या, बायकोवर जीव जडलेला आणि त्याने आधार घेतला निजामीच्या लैला-मजनूचा. ते नाव ऐकून तिकडच्या पोराला पुस्तक उघडावं लागतं. तुला लागत नाही.

आता आजी. तिला आधी एकनाथांचं रोडग्याचं भारूड म्हणायला सांग, तिला नक्की येत असेल. सून भवानीला रोडगा वाहीन म्हणते आणि मागते काय, तर सासऱ्याचं, सासूचं, जावेचं, नणंदेच्या पोराचं वाईट होऊ दे. तिला विचार, "आजी, असं सासूचं मरण मागणारं गाणं तू देवळात कशी म्हणतेस?" ती तुला समजावून सांगेल की ती सासू म्हणजे खरी सासू नव्हे, मनाला चिकटलेले विकार आहेत ते. सांगू दे, मध्ये बोलू नकोस. मग तिला हे गाणं लावू नकोस, मराठीत गोष्ट म्हणून सांग. रात्रीची वेळ, एकटा वाटसरू, दिवा दिसला, दारात बाई, आत सगळी सुखं, आणि निघायला गेला तर पहारेकरी आडवा. इथे थांब.

ती विचारेल, "मग? सुटला का तो?"

गाण्यात ते सांगितलेलं नाही. तिलाही तसंच सांग, आणि मग लाव.